पाव्हण्याची गाडी कोरडी जाऊ नये

कणकुंबीला जायचं तर बेळगावहून जांबोटीचा रस्ता धरायचा आणि गप जायचं. सकाळी निघालात तर जेवणाच्या वेळेला पोचता. मी मात्र आधी बरोब्बर उलट्या दिशेला, निपाणीच्याही पलीकडे बोरगावला गेले, तिथं मुक्काम केला आणि मग तिथून कणकुंबीला निघाले. "हा द्राविडी प्राणायाम कशाला?" असं नवऱ्यानं दारातच विचारलं. मी म्हटलं, आप्पांना आणायला.

आप्पा म्हणजे माझे धाकटे काका. सगळा जन्म बोरगावात, दूधगंगेच्या काठी, उसात आणि तंबाखूत गेलेला. मलप्रभा कणकुंबीच्या जंगलात उगम पावते, असं मी कधीतरी फोनवर बोलून गेले होते. ते त्यांनी धरून ठेवलं. "आमच्या दारात नदी येती ती थोराड हून येती," ते म्हणाले. "जलमताना कशी दिसती ती एकदा दाखीव की, वैजू." आप्पांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्यामुळे आता आभाळ कोसळलं तरी न्यायचंच, असं मी ठरवून टाकलं.

ड्रायव्हर घेऊन जा, असा नवऱ्याचा आग्रह होता. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करते. तिथं समोरच्या वकिलाला बोलू देते तेवढं पुरे झालं. स्टीअरिंगवर दुसऱ्याचा हात मला खपत नाही. गाडी माझी जुनी आहे, डिझेलची आहे, आणि मी तिला ओळखते.

बोरगाव

माघातला शेवटचा आठवडा होता आणि कारखान्यांचा हंगाम जोरात होता. हायवेवर उसाच्या ट्रॉल्या डोलत चाललेल्या, मागून पाचोळा उडतोय, आणि प्रत्येक ट्रॉलीमागे पाच-सहा गाड्या ओव्हरटेकची वाट बघत धूळ खातायत. निपाणी जवळ आली की काचा बंद असल्या तरी तंबाखू नाकाला कळतो. मला दरवेळी शिंका येतात आणि दरवेळी बरं वाटतं, कारण आता घर आलं.

बेळगावात पाहुण्याला आम्ही आधी चहा देतो आणि मग हळूच, किती दिवसांचा बेत आहे, ते काढून घेतो. बोरगावात आधी पाय धुवायला पाणी मिळतं, मग तुमच्या गाडीची चौकशी होते आणि तुमचा नंबर तिसरा लागतो. ही आमच्या घरची जुनी रीत आहे. आजोबांच्या काळी पाहुणे बैलगाडीनं यायचे. ते परत निघायच्या आधी पहाटे यजमानानं उठून त्यांच्या बैलांना वैरण घालायची आणि गाडीच्या आसाला वंगण द्यायचं. पाव्हण्याची गाडी कोरडी जाऊ नये, असं आजोबा म्हणायचे. वाटेत चाक कुरकुरलं तर ती यजमानाची नाचक्की. बैलगाड्या गेल्या, आप्पांनी रीत सोडली नाही. आमच्या गाड्या आल्या की ते टायर दाबून बघतात, काच धुवायचं पाणी भरतात आणि रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकावतात. भावकीतली तरणी पोरं हसतात. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत सांगते.

रात्री काकीनं ज्वारीची भाकरी, पिठलं आणि असा खर्डा वाढला की माझे कान गरम झाले. "शेरात ऱ्हाऊन तुझी जीभ नाजूक झाली गं," काकी म्हणाली, आणि ताटात तेल ओतून मोकळी झाली.

जेवण झाल्यावर सुरेशनं मला अंगणात गाठलं. सुरेश आप्पांचा मुलगा, निपाणीच्या एका शाळेत शिक्षक. माझ्यापेक्षा लहान, सरळ, जरा घाबरट. तो हळू आवाजात म्हणाला, "आक्का, आप्पा आता पैल्यासारखे न्हाईत. दोनदा पाण्याची मोटार चालूच ठिवून आले. मागल्या आठवड्यात ट्रॅक्टर ब्रेक न लावता न्यूट्रलमध्ये ठिवून खाली उतरले. उतारावर हुता. नशीब, बांधाला अडला."

"अरे, माणूस आहे. तुझं कधी विसरत नाही काही?"

"मी इसरलो तर वही ऱ्हाती घरात. त्यांनी इसरलं तर ट्रॅक्टर कुणाच्यातरी अंगावर जाईल. मी ठरवलंय. आता एक चूक झाली की चावी काढून घ्यायची."

त्या ट्रॅक्टरची चावी आप्पांच्या करगोट्याला बांधलेली असते. ट्रॅक्टर जुना आहे, सुरेशच्या वयाचा. त्याचा नट नि नट आप्पांच्या हातातून गेलाय. चावी काढून घेतली तर आप्पांनी दिवसभर करायचं काय? कट्ट्यावर बसून येणारे-जाणारे मोजायचे? हे मी सुरेशला विचारलं, आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं. तो म्हणाला, "तू चार दिवस त्यांच्यासंगं हाईस. तूच बघ आणि मला खरं काय ते सांग." मी म्हटलं, बघते. मनात म्हटलं, ही केस मी घेतली.

तवंदीचा घाट

सकाळी आम्ही निघालो तेव्हा आप्पा धोतर-टोपीत एकदम तयार होते आणि त्यांच्या हाताला डिझेलचा वास येत होता. "गाडीचं सगळं बघिटलंय," ते म्हणाले. "आता बिनघोर पळीव."

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. घाट म्हणजे काही आंबोली नव्हे, रस्ता चौपदरी आहे, माझी गाडी तो गाणं म्हणत चढते. त्या दिवशी ती चढेना. ॲक्सिलेटर दाबावा तर आवाज नुसता वाढायचा, वेग वाढायचा नाही. तिसरा गिअर झाला, दुसरा झाला. उसानं भरलेल्या ट्रॉल्या मला मागं टाकून पुढं गेल्या, म्हणजे इज्जतीचा पंचनामाच. आरशात बघितलं तर मागं काळा धूर, इतका की मागच्या मोटारसायकलवाल्यानं तोंडाला रुमाल बांधला. मी गाडी कडेला घेतली.

आपल्या देशात गाडी बंद पडली की एकटं वाटत नाही. पहिला आला तो मोटारसायकलवाला. त्यानं धुराचा जाब विचारण्याऐवजी, डिझेलमध्ये पाणी आहे, असं निदान केलं. मग एक ट्रकवाला उतरला. तो म्हणाला, पंप गेला, निपाणीला ओढून न्या. तिसऱ्यानं बोनेट उघडायच्या आधीच टर्बोला दोष दिला. आप्पा हात मागं बांधून सगळ्यांचं ऐकत होते. मला राग यायला लागला. काल बेळगावहून येताना ठणठणीत असलेली गाडी एका रात्रीत पंप, टर्बो आणि डिझेल असं सगळं एकदम कशी बिघडवेल? कोर्टात आम्ही आधी हे विचारतो की काल आणि आज यांच्यामध्ये काय घडलं.

मी सगळ्यांना नमस्कार करून वाटेला लावलं आणि गाडीचं माहितीपुस्तक काढलं. काळा धूर आणि ओढ कमी, म्हणजे इंजिनाला हवा कमी पडतेय, आधी एअर फिल्टर बघा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. इंजिनाच्या बाजूला एक काळी प्लास्टिकची पेटी असते, तिला क्लिपा असतात. क्लिपा उघडल्या, झाकण उचललं आणि मी बघतच राहिले. आतला फिल्टर, म्हणजे घड्या घातलेला तो जाड कागद, तेलात निथळत होता. पेटीच्या तळाला तेलाचं थारोळं होतं.

"हे कुणी घातलं?" मी स्वतःशीच बोलले.

"मी," आप्पा म्हणाले. ते मान वर करून म्हणाले. "सकाळी. तुझा फिल्टर कोरडा ठाक हुता गं. कोरड्या फिल्टरनं धूळ सरळ इंजनाच्या छातीत जाती. धुतला डिझेलमधी, नवं तेल घातलं. तुला सांगायचंच राहिलं."

मला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळं कळलं. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरमध्ये खाली एक वाटी असते. ती डिझेलनं धुवायची, तिच्यात खुणेपर्यंत तेल भरायचं. हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात अडकते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, कारण ती वाटी धरायचं काम सुट्टीत माझ्याकडे असायचं. आप्पांनी माझ्या गाडीला तेच केलं होतं. मनापासून केलं होतं. आणि गाडीला श्वास घेता येत नव्हता.

"आप्पा, ह्या गाडीचा फिल्टर कागदाचा असतो. ह्याला कोरडाच ठेवायचा."

त्यांनी बोट पुढं केलं आणि घडीला लावलं. कागद ओला होऊन पिठासारखा झाला होता. त्यांनी बोट मागं घेतलं आणि धोतराला पुसलं.

तेवढ्यात सुरेशचा फोन आला. वेळ साधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. "कुठपतूर गेलासा आक्का? आप्पा ठीक हाईत न्हवं?"

"ठीक आहेत," मी म्हटलं. "घाटात थांबलोय. हवा छान आहे."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं गाडीबद्दल विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर आप्पा माझ्याकडे बघत होते. "वकिलीण हाईस खरी," ते म्हणाले.

गाडीत मागच्या सीटवर जुनी वर्तमानपत्रं होती. त्यांत दाबून दाबून फिल्टरमधलं तेल टिपलं, पेटी कापडानं कोरडी केली, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट घालून पुसलं. फिल्टर काढून टाकून तसंच जाऊ या का, असा विचार माझ्या मनात आला होता. आप्पांनी तो मनातच मारला. "बिनफिल्टरची पळवायची न्हाय," ते म्हणाले. "म्होरं उसाची धूळ हाय. हळू जाऊ. मेलं तर फिल्टर मरंल, इंजन न्हाय." तो पिचका कागद परत बसवून आम्ही बैलगाडीच्या चालीनं संकेश्वर गाठलं.

संकेश्वर

संकेश्वरात शिरलं की रस्त्याच्या कडेला लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात आणि शेजारी उभं राहूनच डोळ्याला पाणी येतं. आप्पांना त्या मिरच्या बघायच्या होत्या. मला फिल्टर बघायचा होता. आधी फिल्टर.

पहिल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारानं माझा फिल्टर हातात घेतला, बाहेर ठिबकणारं तेल बघितलं आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग त्यानं एक नवा फिल्टर काढला. "इद बरतैती, अक्का," तो म्हणाला, म्हणजे हाच बसेल. मी तो जुन्याच्या शेजारी ठेवला. बोटभर आखूड होता. मी म्हटलं, बसणार नाही. तो म्हणाला, "बसतंय हो, दाबून बसवा. सगळे बसवतात." कडेनं फट राहिली की धूळ त्या फटीतून जाणार, आणि मग फिल्टर हवा कशाला? बाजारात जे मिळतंय त्यावर भागवायचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलंय की बरोबर वस्तू मागणारा माणूस भांडखोर दिसतो. मी दिसले. आणि शेजारच्या दुकानात गेले.

तिथल्या दुकानदाराकडे माझ्या गाडीचा नव्हता. त्यानं हुक्केरीच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हातून मागवून घेतला. तोवर त्यानं आम्हाला बाकावर बसवलं, चहा दिला, आणि आप्पांशी उसाच्या तोडणीवर बोलत बसला. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, आणि शिव्या दोघांच्या समाईक. मधूनच माझा जुना फिल्टर बघून तो म्हणाला, "ह्याला तेल कुणी घातलं हो?" मी म्हटलं, "आमच्या घरची रीत आहे." तो हसला, त्याला काही कळलं नसावं.

नवा फिल्टर आला. पांढरा, करकरीत, कोरडा. दुकानासमोरच्या चिंचेखाली गाडी लावली आणि मी बसवायला घेतला. दुकानदार माणूस द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. हे काम मला करायचं होतं आणि आप्पांच्या देखत करायचं होतं, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना माहीत असेल. पेटी परत एकदा पुसली, तळाला अडकलेलं एक वाळकं पान काढलं, फिल्टर ठेवला. तो बसेना. एक कोपरा दाबावा तर दुसरा वर यायचा. घाम आला.

"मागली रबराची कड आधी खाचंत घाल," आप्पा म्हणाले. "मग म्होरली दाब. आणि क्लिपा आडव्या लाव, ह्या अंगाची एक, त्या अंगाची एक."

तसं केलं आणि फिल्टर टचकन बसला. मी खूश होऊन वळले. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते त्या पेटीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, बिचारे थकले. मी त्यांना भजी खायला घेऊन गेले. त्या मिरचीची भजी म्हणजे लाल मरण आहे, पण लोक हसत हसत मरतात. आप्पांनी एक उष्टावलं आणि ताट सरकवलं.

गाडी मात्र मूळ पदावर आली. हायवेवर दाबली की पुढं झेपावायची. धूर गेला, आवाज मोकळा झाला. बेळगाव यायच्या आधी मी सुरेशसमोर मांडायची बाजू डोक्यात पक्की केली होती. चूक झाली, पण ती विसरण्यातून झाली नाही. उलट, आप्पांनी सगळं नीट आठवून, एकही पायरी न चुकता केलं. फक्त ट्रॅक्टरचं गाडीला केलं. ज्याला कधी कागदी फिल्टर माहीतच नव्हता, त्याचं डोकं गेलं असं कसं म्हणाल? ह्या मुद्द्यावर मी कुठल्याही कोर्टात जिंकले असते.

कणकुंबी

बेळगावला एक रात्र घरी काढली. नवऱ्यानं गाडीबद्दल विचारलं तेव्हा मी त्याला फिल्टर कसा बदलतात ते सविस्तर सांगितलं, म्हणजे तो पुढं काही विचारणार नाही.

जांबोटी सोडली की शेतं संपतात आणि झाडं रस्त्यावर येतात. आप्पांना आधी ते आवडलं नाही. "एवढी जमीन आणि काय पिकवत न्हाईत," ते म्हणाले. मग चढ लागला. एका वळणावर मी मुद्दाम दाबलं आणि गाडी तिसऱ्यात सरसर वर गेली. मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, एवढंच.

कणकुंबीत शेवंताबाईंच्या घरी आमची राहायची सोय होती. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाची ती मावशी. त्यांनी उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं सार आणि आमसुलाची कढी वाढली. आप्पा भाकरीची वाट बघत भात चिवडत राहिले. "भाकर न्हाय का हो?" त्यांनी शेवटी विचारलं. "हंय जोंधळो खंयचो?" शेवंताबाई म्हणाल्या, म्हणजे इथं ज्वारी कुठली. आप्पांना अर्धं कळलं, पण नाही म्हटलेलं कळलं. मग दोघांचं गवा ह्या विषयावर जमलं. आप्पांच्या उसात रानडुकरं येतात, शेवंताबाईंच्या भातात गवे. कुणाचं नुकसान मोठं, यावर दोघं चांगली तासभर भांडली, आणि संध्याकाळी त्यांनी तांदळाची का होईना, भाकरी केली.

उगम माउलीच्या देवळाजवळ आहे. दगडानं बांधलेलं कुंड, पाणी स्वच्छ, तळाची पानं दिसणारं. आप्पा पायरीवर बसले. बराच वेळ बसले. "एवढंच?" असं ते म्हणतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं.

"वैजू, मी इसराय लागलोय असं सुऱ्यानं तुला सांगिटलं न्हवं?"

मी तयारच होते. मी माझी बाजू मांडली. ट्रॅक्टर, वाटी, तेल, खूण, कागद. सगळं सांगितलं, आणि म्हटलं, "चावी तुमच्याकडेच राहणार. मी सुरेशला पटवते. माझ्यावर सोडा."

त्यांनी सगळं ऐकलं. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "तुझा बा असाच हुता. एकदा धरलं की सोडत न्हवता." हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी ते हो असं धरलं.

सकाळी निघायच्या आधी मी परत बोनेट उघडलं. लाल मातीच्या रस्त्यावरून आलो होतो. फिल्टर काढून उजेडाला धरला, हलकेच आपटला, लाल धूळ खाली पडली. घड्यांमधून उजेड दिसत होता, म्हणजे ठीक. आप्पा व्हरांड्यातून बघत होते. ते जवळ आले नाहीत. एरवी बोनेट उघडलं आणि आप्पा दूर बसले, असं कधी झालं नाही.

परत बोरगाव

आम्ही दुपारी पोचलो. रविवार होता, त्यामुळे सुरेश घरी. काकीनं चहा टाकला. सोप्यात आम्ही चौघं बसलो आणि सुरेशनं विचारायचा तो प्रश्न विचारला. "काय तरास दिला न्हाय न्हवं आप्पांनी?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"थांब वैजू," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी सुरेशला सगळं सांगितलं. पहाटे फिल्टर धुतला, तेल घातलं, घाटात गाडी बसली, धूर, संकेश्वर. काहीही मऊ न करता. सुरेशनं माझ्याकडे बघितलं. मी लगेच उभी राहिले. खरोखर उभी राहिले, इतक्या वर्षांची सवय. मी त्याला सांगितलं की हे विसरणं नव्हे. ही जुन्या ट्रॅक्टरची पद्धत आहे आणि ती त्यांनी बिनचूक केली. कागदी फिल्टर त्यांना माहीतच नव्हता. नवीन गोष्ट माहीत नसणं आणि जुनी विसरणं यांत फरक आहे, आणि त्या फरकावर एका माणसाचे उरलेले दिवस अवलंबून आहेत. मी चांगलं बोलले. सुरेशचा चेहरा सैल पडत गेला. "असंल आक्का," तो म्हणाला. "मला तरी कुठं ठाव हुतं. ह्येला चूक म्हणता येणार न्हाय."

मी जिंकले होते. मी चहाचा कप उचलला.

"लई चांगली बाजू मांडलीस," आप्पा म्हणाले. "पर ह्या गाडीचा फिल्टर मी ह्याच्या आधी बदललाय, वैजू. ह्याच अंगणात. तू काकीसंगं वर माळवदावर सांडगं घालत हुतीस. म्या निपाणीतनं नवा आणला, कोरडा, कागदाचा. मागली कड खाचंत घातली, मग म्होरली. क्लिपा आडव्या लावल्या."



"संकेश्वरात तू बसवाय लागलीस, तवा त्यो ध्यानात आला. त्याच्या आधी न्हवताच. तेल घालताना हाताला कागद लागला, तरी डोस्क्यात काय उठलं न्हाय. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ऱ्हायला तवा मी म्हटलं, घाईत झालं. मोटार ऱ्हायली तवा म्हटलं, म्हशीनं घोळ घातला. दरवेळी मी माझी बाजू मांडली, तुझ्यासारखीच." त्यांनी सदरा वर केला. करगोट्याची गाठ सुटेना. काकी पुढं झाली, त्यांनी तिला थांबवलं आणि स्वतःच्या बोटांनी सोडवली. चावी त्यांनी सुरेशसमोर जमिनीवर ठेवली. "तू काढून घेतलीस न्हाय. मी दिली. एवढं ध्यानात ठेव."

मला रडू आलं आणि रागही आला. राग आप्पांचा, कारण जिंकलेली केस त्यांनी स्वतःच्या तोंडानं घालवली. राग माझा, कारण उगमाच्या पायरीवर ते मला हेच सांगायला बसले होते आणि मी त्यांना बोलूच दिलं नाही. मी तसंच बोलून दाखवलं. आप्पा म्हणाले, "रडू नगं. च्या पी."

सुरेशनं चावी उचलली नाही. तो तिच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "आप्पा, मला ट्रॅक्टर चालवाय येत न्हाय."

"ठाव हाय," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बेळगावला कोर्टात पोचायचं होतं. मी गाडी काढली तर फाटकात ट्रॅक्टर आडवा उभा. शाळेचा इस्त्रीचा शर्ट घालून सुरेश सीटवर, दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलेला. शेजारी मडगार्डवर आप्पा. "क्लच एकदम सोडू नगं रं," ते सांगत होते. "पायाला कळंल. पाय वर येऊ दे, हळू." ट्रॅक्टरनं एक हिसका दिला आणि बंद पडला.

"पुन्यांदा," आप्पा म्हणाले.

तो पुन्हा बंद पडला. आप्पा पुन्हा तेच म्हणाले, त्याच आवाजात. फाटक मोकळं व्हायची काही चिन्हं नव्हती आणि माझी तारीख पहिल्या पुकाऱ्याला होती. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. हॉर्न वाजवला नाही.